कमोडोर ६४ पुन्हा सुरू करताना

माझ्याकडे झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के या संगणकाचे दोन संच होते आणि दोन्ही मी स्वतः दुरुस्त केलेले होते. एकाच यंत्राच्या दोन प्रती बाळगल्या की रोजच्या वापरात एकच राहतो. दुसऱ्याला महिनोन्महिने वीज मिळत नाही आणि तो हळूहळू पुन्हा नादुरुस्त होत जातो. म्हणून त्यातला एक अदलाबदलीसाठी काढायचे मी ठरवले. ज्या गृहस्थांशी हा व्यवहार जमला, त्यांचा शाळकरी वयातला पहिला संगणक स्पेक्ट्रम होता आणि तो त्यांनी केव्हाच देऊन टाकला होता. त्यानंतर त्यांच्या घरात आलेला कमोडोर ६४ हा संगणक, त्याचा १५४१ डिस्क ड्राइव्ह आणि फ्लॉपींनी भरलेला एक डबा मात्र माळ्यावर अनेक वर्षे तसाच पडून होता. त्यांना त्यांचा पहिला संगणक परत हवा होता आणि मला कमोडोर हवा होता.

अशा व्यवहारात वस्तूंच्या संख्येपेक्षा त्यांच्याबद्दल दिलेली माहिती अधिक मोलाची असते, असे माझे मत आहे. मी स्पेक्ट्रमसोबत एक कागद दिला. कळफलकाखालचा प्लास्टिकचा पडदा नवा आहे, कारण जुन्या पडद्याची शेपटी वाकवताच तुटते. सर्व इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले आहेत. खालच्या १६ किलोबाइट स्मृतीतली ४११६ जातीची एक चिप बदलली आहे, असे त्यात लिहिले आणि काढलेले सगळे भाग एका पिशवीत घालून दिले. त्यांच्या बाजूने कमोडोरबद्दल एकच वाक्य आले, "तपासलेला नाही." या क्षेत्रात हे वाक्य वारंवार भेटते आणि पुष्कळदा त्याचा अर्थ "लावून पाहिला, चालला नाही" असा निघतो. या गृहस्थांनी मात्र खरोखरच तो लावून पाहिला नव्हता, आणि ते किती चांगले झाले ते लवकरच कळले.

जुना संगणक हाती आला की पहिला मोह होतो तो बटण दाबून पाहण्याचा. तो आवरावा लागतो. कमोडोर ६४ ला बाहेरच्या पुरवठा पेटीतून दोन प्रकारची वीज मिळते, ५ व्होल्ट एकदिश आणि ९ व्होल्ट प्रत्यावर्ती. मूळच्या बहुतेक पेट्यांत सगळे भाग राळेत कायमचे ओतून बंद केलेले असतात, त्यामुळे उष्णता आत कोंडते आणि पेटी उघडून दुरुस्तही करता येत नाही. आतला ५ व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर वयोमानाने निकामी झाला की पेटी बंद पडत नाही. ती जास्त व्होल्ट देऊ लागते, आणि स्मृतीच्या चिपा ते सहन करू शकत नाहीत. शिवाय हा दोष पेटी थंड असताना दिसतोच असे नाही. मी पेटी संगणकाला न जोडता मोजली, तेव्हा मीटरने ५.१ व्होल्ट दाखवले आणि एखाद्याने समाधान मानून ती जोडलीही असती. मी तिच्यावर ५ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर भार म्हणून लावला आणि मीटर जोडून ठेवला. वीस मिनिटे काही झाले नाही. चाळिसाव्या मिनिटाला आकडा ५.९ वर पोहोचला होता. कमोडोरमधल्या चिपांना ५ व्होल्टच्या वरखाली पाव व्होल्टाचीच मुभा आहे, त्यामुळे ती पेटी मी त्याच दिवशी बाजूला केली आणि तिच्यावर तसे लिहून ठेवले.

त्याऐवजी नवी पेटी बांधली. ५ व्होल्टसाठी आधुनिक स्विचिंग पुरवठा, ९ व्होल्टसाठी स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर, दोन्हींना फ्यूज, आणि ५ व्होल्टची रेषा साडेपाचच्या वर जाताच तोडणारे एक छोटे सर्किट. ९ व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह वगळून चालत नाही, कारण आवाजाच्या चिपेला लागणारे १२ व्होल्ट त्यातूनच तयार होतात आणि यंत्रातली घड्याळेही त्याच प्रवाहाची आवर्तने मोजतात.

मग झाकण उघडले. खालच्या बाजूचे तीन स्क्रू, कळफलकाची वायर, दिव्याची वायर, एवढेच. धुळीखाली चिपा बसवलेली सर्किटची पाटी स्वच्छ होती, कुठे गंज नव्हता आणि आधी कोणी हात लावल्याच्या खुणाही नव्हत्या. प्रत्येक पायरीला छायाचित्र काढणे ही माझी जुनी सवय आहे आणि ती मी प्रत्येक नव्या माणसाला आग्रहाने सांगतो, कारण आठ दिवसांनी कोणती वायर कुठे होती हे कोणालाही आठवत नाही.

नवी पेटी जोडून बटण दाबले तेव्हा पडदा काळाच राहिला. पूर्वी कधीतरी जुन्या पेटीने आपले काम केलेले होते, हे त्यावरून दिसत होते. काळा पडदा हे कमोडोरचे सर्वांत सामान्य आणि सर्वांत कमी बोलणारे लक्षण आहे. प्रोसेसर, चित्राची चिप, तीन रॉम (कायमची माहिती साठवणाऱ्या चिपा), आठ स्मृती-चिपा किंवा त्यांच्यातली वाट ठरवणारी पीएलए ही चिप, यांपैकी कशानेही ते उद्भवू शकते. व्होल्ट सगळीकडे योग्य होते. पाटीवरच्या चिपांना बोट लावून पाहिले तर दोन चिपा चटका बसण्याइतक्या तापत होत्या. त्यांपैकी एक पीएलए होती, पण ती चांगल्या स्थितीतही तापते, म्हणून उष्णतेवरून तिच्याबद्दल काही ठरवता येत नाही. दुसरी स्मृतीची चिप होती आणि तिच्या शेजारच्या सातही जवळजवळ थंड होत्या. हा फरक मी टिपून ठेवला.

या कामासाठी 'डेड टेस्ट' नावाचे, संगणकाच्या खाचेत बसणारे एक काडतूस (कार्ट्रिज) असते. यंत्राच्या स्वतःच्या रॉमवर विश्वास न ठेवता ते आपला प्रोग्राम थेट प्रोसेसरला देते आणि स्मृती सदोष असेल तर पडदा ठरावीक वेळा चमकवते. मी ते लावले, पण पडदा तरीही काळाच राहिला. म्हणजे स्मृतीपर्यंत पोहोचण्याआधीच कुठेतरी वाट बंद होती. प्रोसेसरने एखादा पत्ता मागितला की त्याला स्मृतीने उत्तर द्यायचे, रॉमने द्यायचे की काडतुसाने, हा निर्णय पीएलए करते; तीच गेली तर बाकी सगळे ठीक असूनही कोणालाच काही ऐकू येत नाही. सुदैवाने या पाटीवर ती सॉकेटमध्ये होती. माझ्याकडच्या एका मृत पाटीवरची चांगली पीएलए तिथे बसवली आणि पडदा चमकू लागला. चमका मोजल्या, तक्त्याशी ताडून पाहिल्या, आणि बोट त्याच तापलेल्या चिपेकडे गेले.

कमोडोरची ६४ किलोबाइट स्मृती आठ चिपांत आडवी वाटलेली असते, म्हणजे प्रत्येक बाइटचा एक बिट एका चिपेत, दुसरा दुसरीत, असे. त्यामुळे एक चिप गेली की स्मृतीचा आठवा हिस्सा जात नाही, तर प्रत्येक बाइटमधला एक बिट चुकतो आणि सगळीच स्मृती निरुपयोगी होते. जुन्या पाटीवरून सोळा पायांची चिप काढण्याचा सुरक्षित मार्ग म्हणजे आधी तिचे पाय कापून टाकणे आणि मग एकेक पाय तापवून उपसणे, कारण चिप तशीही गेलेलीच असते आणि वाचवायची असते ती पाटी. मी तसेच केले, तरी एका पायाशी चूक झाली. जमिनीला (ग्राउंडला) जोडलेला पाय तांब्याच्या मोठ्या पट्ट्यावर असतो, उष्णता तो पट्टा ओढून नेतो आणि सोल्डर वितळायला वेळ लागतो. मी थोडा आधी जोर लावला आणि पाटीवरचा गोल पत्रा पायासोबत उचलला गेला. तो जोड मला बारीक तारेने नव्याने बांधावा लागला. दुसरी चिप काढताना (काडतुसाने नंतर दुसरीही दाखवली) त्या पायावर आधी थोडे नवे सोल्डर घातले, मग पूर्ण वितळेपर्यंत थांबलो, आणि तो अलगद निघाला. दोन्ही जागी सॉकेट बसवले.

या चिपा मिळवण्याबद्दल थोडे सांगायला हवे. ४१६४ जातीच्या स्मृती-चिपा अनेक कंपन्यांनी बनवल्या, त्या अजूनही मिळतात. पण चित्राची, आवाजाची आणि पीएलएसारखी चिप कमोडोरच्या मालकीच्या मॉस टेक्नॉलॉजीने खास या घराण्यासाठी बनवली होती किंवा बनवून घेतली होती, आणि १९९४ साली कमोडोर दिवाळखोरीत गेल्यावर तो झरा आटला. त्यांच्या आधुनिक प्रतिकृती आहेत, काही फार चांगल्या आहेत. पण मूळ चिप हवी असेल तर ती दुसऱ्या कमोडोरमधूनच येते. म्हणून मेलेली पाटी मी कधीही टाकत नाही. मात्र चालू यंत्र फोडून त्यातली आवाजाची चिप संगीतकारांना विकण्याची जी प्रथा पडली आहे, ती मला मनापासून खटकते आणि असा व्यवहार करणाऱ्याशी मी अदलाबदल करत नाही.

यंत्र पुन्हा सुरू केले. फिकट निळ्या कडेत गडद निळा पडदा उमटला आणि त्यावर ३८९११ बाइट मोकळे असल्याची ओळ आली. ६४ किलोबाइटच्या यंत्रात हा आकडा इतका लहान का, असे मला बऱ्याच जणांनी विचारले आहे. यंत्रातल्या बेसिक या भाषेतला प्रोग्राम २०४८ या पत्त्यापासून ४०९५९ पर्यंत राहतो, त्याच्या आधीची जागा पडद्याला आणि यंत्रणेच्या नोंदींना लागते, त्यानंतर बेसिकची आणि यंत्रणेची रॉम व चिपांचे पत्ते वरून पांघरलेले असतात. पहिला बाइट शून्य ठेवावा लागतो, तो वजा केला की नेमके ३८९११ उरतात. दोन सदोष चिपा काढल्यानंतर हा आकडा पूर्णच्या पूर्ण दिसला, याचा अर्थ सुरू होताना यंत्राने ती सगळी जागा स्वतः तपासली होती. मी काही वेळ त्या ओळीकडे नुसता पाहत बसलो.

आवाजाची सिड ६५८१ ही चिप बॉब यॅनिस यांनी रचलेली आहे. तिचे तीनही स्वर एकेक करून वाजवले, ते ठणठणीत होते, फक्त फिल्टर थोडा मंद वाटला. पण ६५८१ मधला फिल्टर चिपेगणिक वेगळा असतो, त्यामुळे हा दोष आहे की या चिपेचा स्वभाव, हे ठरवायला काही साधन नव्हते. ती मी आहे तशी राहू दिली.

संगणकाच्या प्लास्टिकच्या पेटीच्या रंगाबाबतही असाच निर्णय घ्यावा लागला. एबीएस प्लास्टिकमध्ये आग पसरू नये म्हणून ब्रोमीनयुक्त द्रव्ये घातलेली असत, आणि काळ व अतिनील किरण यांमुळे असे प्लास्टिक पिवळे पडते. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले की रंग परततो. मी एका कळफलकावर हा प्रयोग पूर्वी केला होता आणि दोनेक वर्षांत पिवळेपणा पुन्हा दिसू लागला. मधल्या काळात एका कडेला पांढरे पट्टेही पडले. या पेटीवर डाव्या बाजूला, जिथे मनगट टेकत असेल तिथे, प्लास्टिक गुळगुळीत झालेले होते. साबणाच्या पाण्याने ती धुतली आणि तेवढ्यावर थांबलो. कळफलकाच्या ६६ कळा काढून धुणे हे कंटाळवाणे पण सोपे काम आहे; शिफ्ट लॉकच्या दोन तारांचे सोल्डर आधी सोडवावे लागते, हे विसरले नाही म्हणजे झाले.

खरा वेळ फ्लॉपींनी घेतला. डब्यात २३ फ्लॉपी होत्या आणि अनेकांवर पेन्सिलीने नावे लिहिलेली होती. अशा वेळी फ्लॉपी आधी ड्राइव्हमध्ये घालायची नसते. आवरणाच्या खिडकीतून चकती बोटाने फिरवून प्रकाशात पाहावी लागते, कारण बुरशीचे फिकट ठिपके असलेली चकती फिरली की वाचणाऱ्या डोक्यावर तो मळ चढतो आणि त्याखाली चुंबकीय थर खरवडला जातो. मग ती फ्लॉपी जातेच आणि पुढच्या फ्लॉपींनाही धोका होतो. सहा फ्लॉपींवर असे ठिपके होते. त्यांची आवरणे एका कडेने कापून चकत्या बाहेर काढल्या, शुद्ध पाण्याने व मऊ कापडाने पुसल्या, पूर्ण वाळवल्या आणि रिकाम्या स्वच्छ आवरणांत घालून वाचल्या.

१५४१ हा ड्राइव्ह स्वतःच एक लहान संगणक आहे. त्यात ६५०२ प्रोसेसर आणि २ किलोबाइट स्मृती असते. त्याचे डोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केले, रुळांना किंचित तेल दिले आणि आधी माझ्या माहितीतली एक फ्लॉपी वाचून पाहिली. मग झूमफ्लॉपी नावाच्या जोडणीतून ड्राइव्ह आजच्या संगणकाला जोडला आणि प्रत्येक फ्लॉपीची प्रतिमा घेतली. एका बाजूवर ३५ मार्ग, त्यांत ६८३ खंड, प्रत्येक खंडात २५६ बाइट. म्हणजे पूर्ण प्रतिमा १,७४,८४८ बाइटची होते. प्रत घेण्याआधी प्रत्येक मूळ फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकली, कारण ती झाकलेली असली की ड्राइव्ह तिच्यावर लिहीत नाही. २३ पैकी १९ पूर्ण वाचल्या गेल्या, तिघींत काही खंड गेले होते आणि एक काहीच बोलली नाही. ती मी वेगळी ठेवली आहे. चुंबकीय बदल थेट नोंदवणाऱ्या साधनाने तिच्यावर आणखी प्रयत्न करता येईल.

बहुतेक फ्लॉपींवर त्या काळात हातोहात फिरलेले खेळ होते. दोनांवर मात्र घरी लिहिलेले बेसिक प्रोग्राम होते. एकाच्या पहिल्या ओळीत १९८७ हे साल होते. हे प्रोग्राम अदलाबदलीत आले असले तरी ते माझे झाले असे मी मानत नाही. फ्लॉपीची मालकी बदलते, पण तिच्यावर कोणी काय लिहिले ते त्या माणसाचेच राहते, म्हणून मी त्या गृहस्थांना फोन केला. प्रोग्रामचे नाव सांगताच ते म्हणाले, "तो माझा नाही हो, आमच्या ताईचा आहे. पाढ्यांचा खेळ ना? तुम्ही तिच्याशीच बोला."

ताईंना तो आठवत होता. पडद्यावर दोन आकडे येत, गुणाकार सांगायचा, बरोबर आला की एक गुण मिळायचा. "पण शेवटी गुण कधीच बरोबर यायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "दहापैकी दहा बरोबर आले तरी कधी तीन दाखवायचा, कधी तेरा. मी कितीदा तपासला. शेवटी वाटले, आपल्याला जमत नाही."

मी प्रोग्राम त्याच कमोडोरवर उघडला आणि ओळी वाचत गेलो. रचना स्वच्छ होती, प्रत्येक भागाआधी टीप होती. दोष शोधायला अर्धा तास लागला. त्यांनी दोन चलांना मराठी नावे रोमन अक्षरांत दिली होती, एक 'गुण' आणि दुसरे 'गुणक'. कमोडोरचे बेसिक चलाच्या नावाची पहिली दोनच अक्षरे ओळखते. त्याच्या लेखी ही दोन्ही नावे एकच होती. नवा प्रश्न आला की नवा गुणक गुणांच्या जागी जाऊन बसत होता, आणि शेवटी पडद्यावर दिसायचा तो शेवटचा गुणक अधिक एक.

हे सांगितल्यावर त्या काही क्षण बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे हिशेब बरोबर होता."

"पूर्ण बरोबर होता. फक्त नावे जवळची निघाली."

मूळ फ्लॉपीला हात लावायचा नाही, हे आम्ही दोघांनी आधी ठरवले. कोऱ्या फ्लॉपीवर प्रत घेतली, आणि गुणांचे नाव काय ठेवावे हे त्यांनाच विचारले. 'मार्क' ठेवा म्हणाल्या. तीन ओळींत बदल करावा लागला. त्या फोनवर थांबल्या होत्या, मी दहा प्रश्न मोठ्याने वाचले, उत्तरे त्यांनी दिली आणि कळा मी दाबल्या. ड्राइव्हने नवी प्रत लिहून घेतली तेव्हा पडद्यावर दहापैकी नऊ गुण होते, कारण बारा सत्ते त्यांनी घाईत ब्याऐंशी सांगितले होते.